गेटवरचा भाव

३ ऑक्टोबर
थर्टल यार्ड, नॉरफोक

नेव्हिल,

नऊ वर्षांनी पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. तुझी ख्यालीखुशाली विचारायला मी बसलेली नाही. सोबत बँकेचा कागद आहे. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं फुली मारलीय, तिथे सही करायची आणि परत पाठवायचा. पाकिटावर पत्ताही मीच घालून ठेवलाय. तिकिटाचे पैसे तेवढे तुझे जातील. तेवढं कॅनडात मिळवत असशील.

हौसेनं मागत नाहीये. बाबांनी जाताना यार्ड आपल्या दोघांच्या नावावर करून ठेवलं, शेड, डिझेलची टाकी, ट्रक लावायची जागा, सगळं. यार्ड गहाण ठेवलं तरी माझ्या एकटीच्या सहीवर बँक एक पेनी द्यायला तयार नाही. आणि एकतीस जानेवारीला हार्वेस्टरचा हप्ता आहे, छत्तीस हजार पौंड. नाही भरला तर फायनान्सवाले मशीन उचलून नेणार. लोकांच्या शेतातली बीटं काढायची आणि साखर कारखान्यात पोचवायची, दुसरा धंदा आपल्याला येतो कुठे? मशीन गेलं की उरले दोन जुने ट्रक आणि मी.

आता तू तिकडे बसून हसशील. हस. मार्चमध्ये मी सगळ्यांच्या गेटवर जाऊन भाव बोलून आले, बाबा जायचे तशीच. एकराला इतके, हातात हात, एक कप चहा, झालं. गेटवर बोललेला भाव शेवटचं बीट निघेपर्यंत बदलत नाही, हे तुला मी शिकवायला नको. सप्टेंबरपर्यंत डिझेल दीडपट होईल हे मार्चमध्ये कुणाच्या स्वप्नात होतं? टाकी भरायला येतो तो माणूस हल्ली माझ्या तोंडाकडे बघत नाही, मीटरकडे बघत उभा राहतो. जितके एकर काढते तितके पैसे पदरचे घालते. काम जास्त झालं की नुकसान जास्त, असला हा हंगाम.

हो, तू सांगितलं होतंस. डिझेल वाढलं तर भाव वाढेल, असं लिहून घ्या, खाली सह्या घ्या. छापील कागद करून आणला होतास. बाबांनी तो शेगडीत घातला आणि तू दार आपटून निघून गेलास. एका कागदासाठी माणूस घर सोडतो का रे? बाबांच्या मातीला आला नाहीस, फुलं पाठवलीस. फुलं! ऐन हंगामात सकाळी मी त्यांना पुरलं आणि दुपारी परत मशीनवर चढले, कारण पुढच्या गेटवर शब्द दिलेला होता.

सही कर. बाकी काही लिहू नकोस. तुझं शहाणपण नकोय मला.

हेझल

२ नोव्हेंबर

नेव्हिल,

मूग गिळून बसलायस का? महिना झाला. पत्र पोचलं नाही म्हणून सांगू नकोस, पोचल्याची पावती माझ्याकडे आहे.

इकडे अठरा दिवस पाऊस आहे. शेतात पाय टाकला की बूट तिथेच राहतो आणि मोजा बाहेर येतो. अशा चिखलातून बीट काढलं की त्याला माती चिकटणारच. कारखान्यात ती मोजतात आणि वजनातून मातीची घट धरतात. परवा शंभर टनांत अठरा टन माती धरली. शेतकऱ्याचे पैसे कापले गेले, की तो सरळ माझ्या यार्डात.

"तुझं मशीनच माती उचलतं, हेझल."

"मग काय बीटं चमच्यानं काढू? आणि पाऊस काय मी पाडला?"

"ते मला माहीत नाही. माझे कापले तर मी तुझे कापणार."

म्हणजे गेटवरचा भाव वर जायला बांधलेला आहे, पण खाली यायला मोकळा! हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. मी दारातून त्याच्या गाडीकडे बघितलं तर नवी कोरी. त्याचा भाऊ तिकडे त्या मोठ्या कंपनीकडून बीटं काढून घेतो, तीनशे मैलांवरून सात-सात मशीन आणतात ते. त्यांच्यासमोर तो भाऊ चार पानी करारावर मुकाट्यानं सही करतो. माझ्यापुढे मात्र हा तोंड वर करून भाव पाडतो, कारण मी त्याच्याबरोबर शाळेत होते.

बार्नी गॉट्सला विसरला नसशील. बाबांनी ठेवलेला ड्रायव्हर, एकसष्टचा झाला, अजून आपलाच ट्रक चालवतो. गेल्या आठवड्यात कारखान्याचं काहीतरी बिघडलं आणि ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत लागली. सहा तास झाले तेव्हा मी फोन केला, "काय रे, झोपलास का?" तर म्हणतो, "झोपतोय कुठला. रांगेत लागलो तेव्हा केस काळे होते माझे." हसले मी. पण त्याला पैसे खेपेवर मिळतात आणि त्या दिवशी एकच खेप झाली. घरी बायको गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी थांबलीय. मी त्याला तीन खेपांचे पैसे दिले. कुठून दिले ते विचारू नकोस.

नेव्हिल, सही पाठव. विनंती समज हवं तर. हा शब्द लिहिताना माझे दात शिवशिवताहेत, तरी लिहिलाय.

हेझल

७ डिसेंबर, बुधवार

नेव्हिल,

तुझ्या सहीची वाट बघून मी माझा मार्ग शोधला. ऐक आणि खूश हो.

एडगर लारवुडचं पन्नास एकर सोमवारी दुपारनंतर सुरू केलं. एडगरकाका शहात्तरचे झालेत. बाबांचे जिवलग. आपल्याला लहानपणी ट्रेलरवर बसवून फिरवायचे तेच. जमीन दोन दिवस जरा सुकलीय, मशीन छान चालत होतं. मंगळवारी दुपारपर्यंत अकरा एकर निघाले. रेडिओवर सांगत होते की गुरुवारी रात्रीपासून उणे नऊ, आठवडाभर. जमिनीतलं बीट गोठलं की संपलं. वितळल्यावर त्याचा लगदा होतो आणि कारखाना तो हातात घेत नाही. म्हणजे राहिलेले एकोणचाळीस एकर बुधवार-गुरुवारात रात्रंदिवस चालवून निघायलाच हवेत. आणि वीस मैलांत दुसरं मोकळं मशीन नाही.

हे माझ्या डोक्यात आलं आणि मी मशीन थांबवलं. शेताच्या मधोमध. खाली उतरले. काका नेहमीसारखे थर्मास आणि माझ्यासाठी खायला पोर्क पाय घेऊन येत होते.

मी म्हटलं, "एकराला बारा पौंड वाढवून द्या काका. नाहीतर हे इथेच उभं राहील."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. "आधी खाऊन घे. उपाशीपोटी असलं सुचतं."

"चेष्टा नाही. तुमच्या शेतात मी रोज तोटा काढतेय."

"मार्चमध्ये त्याच गेटवर तू बोललीस, पोरी."

"मार्च गेला, काका."

त्यांनी थर्मास खाली ठेवला. "वॉल्टर थर्टलची पोर एका शेताला दोन भाव सांगते?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी किल्ली काढली, खिशात घातली आणि घरी आले.

आता मी स्वयंपाकघरात बसलेय. बाहेर लख्ख ऊन आहे, हंगामातला सगळ्यात चांगला दिवस. टेबलावर कालचे दोन कप पडलेत, धुवायचेही राहिलेत. बार्नी दोनदा येऊन गेला. "काय करतेयस, हेझल? आज दिवस आहे गं!" मी म्हटलं, म्हाताऱ्यानं ठरवायचं. अजून दीड दिवस आहे. कुणीतरी एकदा या लोकांना दाखवायला हवं होतं की आम्ही काही त्यांच्या घरची गडीमाणसं नाही. तुला हेच हवं होतं ना? मग आता हस ना.

हेझल

१९ डिसेंबर

गोठलं. सगळं. दहा दिवस. काल वितळलं.

आज एडगरकाकांनी दुसऱ्या कुणाचं तरी मशीन मिळवून दोन ट्रक भरून पाठवले. कारखान्यातल्या माणसानं एक बीट हातात घेऊन दाबलं तर बोटं आत गेली. दोन्ही ट्रक परत. पाठवणारे काका आणि परत आणणारा बार्नी.

बार्नीनं ट्रकची किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाला, "ही तुझ्या बापाच्या ट्रकची." मी म्हटलं, तीन खेपांचे पैसे घेताना गोड लागले होते. तो टोपी घालून गेला.

चॅपेलमध्ये नाताळच्या गाण्यांना गेले तर माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. लांबच्या लांब बाक आणि मी एकटी. गेले खड्ड्यात. म्हाताऱ्यानं हट्ट केला, म्हाताऱ्यानं भोगलं. बारा पौंडांसाठी शेत घालवलं त्यानं. माझा काय दोष?

बँकेला दहा जानेवारीच्या आत कागद हवाय. तुझ्या बापाचं नाव वाचवायचं असेल तर सही कर. नसेल तर तसं सांग, म्हणजे मी तुझ्या नावानं एकदाच रडून मोकळी होते.

हेझल

१६ जानेवारी

नेव्हिल,

पाकीट पाचला आलं. सही फुलीवर, साक्षीदाराचं नाव, तारीख, सगळं नीट. सोबत एक ओळसुद्धा नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. मीच लिहिलं होतं बाकी काही लिहू नकोस म्हणून, पण तू कधीपासून माझं ऐकायला लागलास?

कागद अकरा दिवस कपाटावर पडून आहे. बँकेत गेले नाही. तारीखही उलटली. आता का ते सांगते. तू माझ्या चार पत्रांवर विश्वास ठेवून सही केलीस आणि त्या पत्रांत मी तुला फसवलंय.

एडगरकाकांनी हट्ट केलाच नव्हता. मंगळवारी संध्याकाळीच ते घरी आले होते. टेबलावरचा दुसरा कप त्यांचाच. टोपी हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "बारा तर बारा. तुला परवडत नसेल तर मला आधी सांगायचंस ना गं. उद्या उजाडताच सुरू कर." झालं होतं काम! माणूस स्वतःच्या पायांनी चालत येऊन हो म्हणून गेला होता. बुधवार आणि गुरुवार दोन्ही माझ्या हातात होते, ऊन होतं, टाकीत डिझेल होतं.

पण मला काय झालं कुणास ठाऊक. म्हणजे ठाऊक आहे. तो "एका शेताला दोन भाव" माझ्या घशात अडकला होता. आता हो म्हणताहेत, पण पैसे द्यायच्या वेळी मार्चची आठवण काढतील, सगळे काढतात, असं वाटलं. मी म्हटलं, "तोंडी नको काका. लिहून द्या." कागदाचं पॅड ओढलं आणि समोर बसून दीड पान लिहिलं. डिझेल वाढलं तर काय, मातीची घट कुणाची, पैसे किती दिवसांत. तुझाच कागद, नेव्हिल. सबंध पाठ होता मला. का पाठ नसेल? तो शेगडीत बाबांनी घातलाच नव्हता. ते चष्मा लावून वाचत होते, दुसऱ्या पानावर होते, आणि मी त्यांच्या हातातून घेऊन आत टाकला. "लोक काय म्हणतील, थर्टलांचा गेटवर विश्वास राहिला नाही?" हे मी म्हणाले होते. तू दारात होतास, तुला फक्त बाबांची पाठ दिसली. नऊ वर्षं तू त्यांच्यावर रागावून राहिलास आणि मी तुला राहू दिलं. ते गेले तेव्हाही बोलले नाही. घरात आणि धंद्यात मी एकटी शहाणी होते ना.

काकांनी माझा कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "यात बरंच काय काय आहे. आयुष्यात शेजाऱ्याशी कागद केला नाही मी. रोझलिंडला दाखवतो." रोझलिंड म्हणजे त्यांची मुलगी, इप्सविचला वकिलाच्या कचेरीत असते. मी म्हणायला हवं होतं, ठेवा तो कागद, सकाळी येते. मी म्हटलं, "दाखवा. सही झाल्याशिवाय किल्ली लागणार नाही." बुधवारी दिवसभर मी इथे बसून तुला ते माजोरडं पत्र लिहीत होते तेव्हा म्हातारा गेटवर उभा राहून मुलीची वाट बघत होता. तिला सुट्टी गुरुवारी दुपारनंतर मिळाली. साडेसहाला तो सही केलेला कागद घेऊन आला. प्रत्येक पानावर सही, पानं दोनच होती तरी. मी किल्ली घेऊन लगेच गेले, दिवे लावून मशीन सुरू केलं. बारापर्यंत पाच एकर काढले, मग जमीन अशी गोठली की मशीनचे फाळ वरच्यावर घसरायला लागले. ते पाच एकर पत्रात लिहिले नाहीत, कारण ते लिहिले असते तर सगळंच लिहावं लागलं असतं.

तुझा कागद वाईट नव्हता. मार्चमध्ये केला असता तर बँकेचा कागद मागायची वेळच आली नसती. तो कुठल्या दिवशी काढायचा, तेवढी अक्कल मला नव्हती. आणि त्या कंपनीच्या चार पानांवर सही करणाऱ्यांचा सगळा राग मी त्या एकट्या माणसावर काढला जो माझ्यासाठी थर्मास आणि पोर्क पाय घेऊन यायचा.

शनिवारी मी त्यांच्या गेटवर गेले. शेताला असा वास येतोय की डोळ्यांत पाणी येतं. ते नांगरून गाडून टाकताहेत सगळं. मला बघून ट्रॅक्टर थांबवला आणि कोटातून चेक काढला. सोळा एकरांचा, नव्या भावानं, बारा पौंड धरून.

"हे काय, काका?"

"कागदावर असंच आहे ना? तीस दिवसांत द्यायचे. आठवडाभर उशीरच झाला."

"चौतीस एकर कुजले तुमचे!"

"त्याचं कागदात काही नाही. रोझलिंडनं नीट बघितलं."

टोमणा नव्हता रे त्यात, तेच तर! माणूस खरंच सांगत होता. मला तिथल्या तिथे त्यांची मान धरून हलवावंसं वाटलं. ओरडा की माझ्यावर, शिव्या द्या, बाबांचं नाव काढा! मी चेक फाडला. मग ते चिडले, पहिल्यांदा. "पैसे फाडतेस? हप्ता कुठून भरणार आहेस?"

"हप्ता भरत नाही. मशीन देऊन टाकतेय."

ते खरं आहे. फायनान्सवाल्यांना मीच फोन केला, एकोणतीसला या आणि घेऊन जा. तो पोरगा फोनवर इतका गोड बोलला की मला कळलं, रोज दोन-चार असे फोन येत असणार त्याला. यार्ड गहाण टाकून हा हप्ता भरला असता, पण पुढचा जुलैत आहेच. बार्नीच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्याच्या बायकोनं दारातच दहा मिनिटं ऐकवलं आणि मग आत घेतलं. तो परत येतोय. दोन ट्रक, एक तो चालवणार, एक मी. दुसऱ्यांनी काढलेली बीटं वाहायची. रांगेत सहा-सहा तास बसायचं.

आणि गेटवर उभी राहून मी एडगरकाकांना अजून एक गोष्ट बोलले. तुमच्या चौतीस एकरांचं नुकसान थर्टल भरून देतील. यार्डाचा पूर्वेकडचा अर्धा भाग, टाकीच्या बाजूचा, शेजारचा टर्की कोंबड्या पाळणारा केव्हापासून मागतोय. तो विकायचा. आलेल्या पैशांतून आधी तुमचं.

ते नांगराकडे वळले, फाळाला लागलेला लगदा बुटानं खरवडला. मग विचारलं, "यार्ड दोघांचं आहे ना? नेव्हिलला विचारलंस?"

मी म्हटलं, "विचारलं. तो हो म्हणाला."

त्यांनी हातमोजा काढला आणि हात पुढे केला. मी हातात हात दिला. कागद नाही, काही नाही.

तर सोबत विक्रीचा कागद आहे. शेवटच्या पानावर पेन्सिलीची फुली आहे. बँकेचा जुना कागद मी तुझ्या सहीसकट परत पाठवतेय, तुझ्या हातानं जाळ. यार्डात अर्धा वाटा तुझा आहे, तू हा कागदही जाळलास तरी माझं तोंड बंद. चिडायचा हक्क तुझाच आहे आणि नऊ वर्षांचं व्याजही आहे त्यावर. फोन करून मला काय हवं ते बोल, मी ऐकून घेईन, मध्ये तोंड घालणार नाही. प्रयत्न करेन.

पण मी तुझ्या नावानं शब्द देऊन आलेय, नेव्हिल. तुला न विचारता, गेटवर. आता सही केली नाहीस तर एडगरकाकांना दिलेला शब्द तू मोडलास असं होईल, मी नाही.

हेझल